कोणाही प्रवाशाचा दोष नाही

आमच्या ताईला देवाने आवाज दिला, की आवाज आधी तयार झाला आणि तो सांभाळायला ताई दिली, याबद्दल घरात दोन पक्ष आहेत. मी दुसऱ्या पक्षाचा. लहानपणी ती तोंडासमोर तांब्या धरून, "जेवण तयार आहे, सर्वांनी हात धुऊन स्वयंपाकघराकडे प्रस्थान करावे," असं पुकारायची आणि समोरच्या इमारतीतली दोन-चार माणसं हात धुवायला उठायची. पुढे ती विमान कंपनीत लागली तेव्हा सगळ्या शेजाराला मनापासून आनंद झाला. तो तिच्या प्रगतीचा होता, की ती आता दिवसभर बाहेर राहणार याचा, हे आम्ही कधी खोदून विचारलं नाही. लग्न झालं ते दाताच्या डॉक्टरशी. हेही योग्यच. समोरच्या माणसाचं तोंड सतत उघडं असण्याची भावोजींना सवय आहे.

आता ती त्या कंपनीच्या विमानतळावरच्या काउंटरची प्रमुख आहे. विमान सुटणार असेल तर ते कोणीही सांगतं. विमान सुटणार नसेल तर ते सांगायला ताईला बोलावतात. या कामाची तिची स्वतःची पद्धत आहे. "आधी 'नाही' सांगायचं आणि मग 'पण' सांगायचा," असं ती नव्या मुलींना शिकवते. "तुम्ही आधी गोड गोड 'पण' लावत बसता आणि बिचारा 'नाही' दाराबाहेर ताटकळतो. माणसाला तो दिसतच असतो गं."

आणि तिचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे 'अपरिहार्य कारणास्तव' हे शब्द. "उद्या तू माझ्याकडे जेवायला आला नाहीस, तर काय सांगशील? अपरिहार्य कारणास्तव? टायर फुटला तर टायर फुटला म्हणशील ना? मग विमानाचा फुटला तरी टायर फुटला म्हणायचं." कंपनीने तिला यावरून दोनदा समज दिली आहे. समज तिने घेतली, पण वापरली मात्र नाही.

हे सगळं मी तिच्या तोंडून ऐकलेलं. तिला काम करताना पाहिलं नव्हतं. तो योग आला एका डोंगरामुळे.

मी त्या सकाळी परगावी निघालो होतो, 'विनोदाची सद्यस्थिती' या विषयावरच्या परिसंवादाला. ताईच्या मेहेरबानीने मला नातेवाइकांचं स्वस्त तिकीट मिळतं. या तिकिटाचा अर्थ असा, की सगळे प्रवासी बसले, त्यांच्या पिशव्या बसल्या आणि तरीही एखादी खुर्ची उरली, तर तुम्ही बसायचं. लग्नाच्या पंगतीत वाढप्यांच्याही मागून बसणाऱ्या पाहुण्यासारखी माझी अवस्था असते. मी कोपऱ्यात कॉफी घेऊन बसलो होतो. बाहेर आभाळ इतकं निळं, की धुऊन वाळत घातल्यासारखं. आणि ताई माइककडे गेली.

आता या माइकबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याने केलं. त्या माइकला खोड आहे. बटण दाबलं, की पहिला शब्द तो स्वतः खातो आणि मग उरलेलं वाक्य लोकांना वाढतो. एरवी याने बिघडत नाही. सगळ्या घोषणा 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' अशा सुरू होतात, त्यामुळे माइकच्या तोंडी फक्त शिष्टाचार जातो. पण त्या दिवशी बातमी एवढी मोठी होती, की ताईने शिष्टाचार गाळला आणि आपल्या पद्धतीप्रमाणे थेट कारणापासून सुरुवात केली. ती म्हणाली, "ज्वालामुखीच्या राखेमुळे आज आपले एकही विमान उडणार नाही." माइकने 'ज्वालामुखीच्या' हा मोठा घास घेतला. हॉलमध्ये घुमलं ते एवढंच: "राखेमुळे आज आपले एकही विमान उडणार नाही."

पुढे तिने खोल्यांची सोय, जेवण, पैसे परत, दुसरी तारीख, सगळं नीट सांगितलं. पण ते ऐकतो कोण? हॉलमध्ये जो कल्ला झाला त्यात माझी कॉफीसुद्धा हलली.

मला वाटलं होतं, ताई आता काउंटरमागे उभी राहून किल्ला लढवेल. ती काउंटरचं फळकूट उचलून बाहेर आली. "रांग मोडा," म्हणाली. "सगळ्यांनी बसून घ्या. उभ्या माणसाला राग लवकर येतो. मी येते तुमच्याकडे." आणि खरोखर ती एकेका बाकापाशी जाऊ लागली, आधी तान्ही मुलं घेऊन बसलेल्या बायकांकडे, मग म्हाताऱ्यांकडे. मागून दोन मुली हातात संगणक घेऊन. माझ्याजवळून जाताना म्हणाली, "तू काय बघतोस? पाण्याच्या बाटल्या वाट." विनोदाच्या सद्यस्थितीवर बोलणाऱ्याने बाटल्या उचलल्या.

एक कोटवाले गृहस्थ मात्र बसायला तयार नव्हते. त्यांनी ताईला हाताने काचेबाहेर दाखवलं. "बाई, आभाळ बघा! निळंशार! कुठाय तुमची राख? दाखवा मला!"

"नाही दाखवता येणार," ताई म्हणाली. "तुम्हाला दिसत नाही आणि पायलटलाही दिसत नाही, अडचण तीच आहे. विमानातल्या ढग दाखवणाऱ्या यंत्रालासुद्धा ती दिसत नाही."

"राखेला काय घाबरायचं? झटकली की गेली!"

"ही चुलीतली नाही हो. ही दळलेली काच आहे. पिठापेक्षा बारीक. इंजिनाच्या आत एवढी आग असते, की ती तिथे वितळते आणि पात्यांवर मुलामा चढतो, चिनी मातीच्या बरणीवर असतो तसा. मग इंजिनाचा श्वास कोंडतो. तुम्ही त्या वेळी कुठे असाल सांगू? ढगांच्या वर."

कोटवाले बसले. पाण्याची बाटलीही माझ्याकडून त्यांनी जरा नम्रपणे घेतली.

आणि मी मनातल्या मनात मोजमाप करू लागलो, पण जमेना. समुद्रापलीकडे, आपण ज्याचं नाव ऐकलं नाही असा एक डोंगर खोकतो आणि इथे माझ्या हातातली कॉफी थंड होते. बाहेर ओळीने उभ्या विमानांच्या इंजिनांना कामगार झाकणं बांधत होते. एवढाली लोखंडी पाखरं, तोंडाला फडकं बांधून आजारी मुलांसारखी गप्प उभी. एरवी दर थोड्या वेळाने काचा थरथरायच्या. त्या थरथरत नाहीत हे कळल्यावर मला पहिल्यांदा थोडी भीती वाटली.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ ताईसमोर येऊन उभे राहिले. अंगात स्वतः शिवलेला वाटावा इतका नीट बसलेला जुना कोट, कानात यंत्र, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेली निळ्या कापडाची पिशवी. तिला दोन मोठी बटणं होती.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "रागावणार नसाल तर एक सांगायचं होतं."

"बोला ना काका. बसा आधी."

"बसत नाही. ती राख..." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "ती माझ्याकडे आहे."

"काय?"

"तुम्ही मघाशी सांगितलंत ना, राखेमुळे विमान उडणार नाही म्हणून. मी लपवून नाही आणली हो. तपासणीला दाखवली होती, ते 'चालेल' म्हणाले. त्यांची काहीतरी चूक झाली असणार. माझी बायको आहे ही. म्हणजे, होती. मी असं करतो, मी जात नाही. मी घरी जातो हिला घेऊन. एवढी लेकरंबाळं खोळंबलीत. माझ्या एकट्यासाठी कशाला? बाकीच्यांची विमानं सोडा तुम्ही."

मला हसू आलं. ते पुरतं यायच्या आतच गेलं. हातातली बाटली मी कोणाला देणार होतो ते विसरलो. एवढा मोठा हॉल भरून लोक आपापल्या विमानासाठी भांडत होते, आणि हा एक माणूस सगळ्या जगाची विमानं आपल्या पिशवीमुळे अडली असं समजून, सगळ्यांची क्षमा मागायला आला होता.

ताई हसली नाही. तिने त्यांना खांद्याला धरून बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. सकाळपासून पहिल्यांदा. "नाही काका," ती म्हणाली, पद्धतीप्रमाणे आधी 'नाही'. "काकूंचा यात काही संबंध नाही. ही राख वेगळी. एका डोंगराची."

"डोंगर गेला?"

"गेला नाही. जागा झालाय."

काका विचारात पडले. "नक्की ना? तुम्ही राखच म्हणालात."

"माझंच चुकलं. माइकने माझा एक शब्द खाल्ला. हे बघा." तिने मुलीच्या हातातला संगणक घेतला. पडद्यावर नकाशा होता. समुद्रातल्या एका ठिपक्यातून करड्या रंगाची लांब जीभ निघाली होती आणि ती आपल्याकडे, अगदी या बाकापर्यंत आली होती. ताईने डोंगराचं नाव वाचायचा प्रयत्न केला. भल्याभल्या गावांची नावं घडाघडा म्हणणारी आमची ताई पहिल्या अक्षरालाच ठेचकाळली.

काकांनी ते नाव उच्चारलं. घरातल्या वडीलधाऱ्याला हाक मारावी तसं, हळू आणि आदराने.

"तुम्हाला माहितीये हा?"

"हिच्या माहेरचा आहे," काका म्हणाले. "हिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो."

आम्ही सगळेच त्या ठिपक्यावर वाकलो.

मग कळलं ते असं. काका शिंपी. पिशवी त्यांनी बायकोच्या आवडत्या कोटाच्या अस्तरातून शिवली होती आणि बटणंही त्याच कोटाची. बायकोची थोरली बहीण तिकडे दवाखान्यात अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी आता तारखांच्या गोष्टी करणं सोडून दिलं होतं. धाकटीला एकदा मांडीवर घ्यायचं एवढंच तिचं मागणं होतं, आणि ते पुरं करायला काका निघाले होते. "हिचा तो डोंगर जन्मात कधी हलला नव्हता," ते म्हणाले. "झोपलाय म्हणायची ही. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तर मला म्हणाली, पायथ्याशी आवाज करायचा नाही, चवड्यांवर चालायचं. मी खरं मानलं. सगळा रस्ता चवड्यांवर चाललो. आक्का अजून चिडवतात."

आक्का म्हणजे तीच थोरली मेव्हणी. आणि तेवढ्यात तिचाच फोन आला. काकांना नीट ऐकू येत नसल्याने त्यांच्या फोनवरचं बोलणं गावजेवण असतं. सगळ्यांनी ऐकलं.

"काय शिंपीबुवा, कुठवर आलात?"

"आक्का, विमानं बंद झाली. तुमच्या डोंगरामुळे."

"माहीत आहे. समोरच बसलाय तो." आवाज म्हातारा होता, पण काठी आपटत यावा तसा. "पलंग खिडकीशी ओढून घेतलाय मी. काय दिसतोय म्हणून सांगू तुम्हाला! पांढरा खांब निघालाय, सरळ वर. वर जाऊन वडासारखा पसरलाय आणि त्याच्या आतल्या आत विजा फिरतायत. नव्वदी झाली माझी, याला रोज सकाळी बघत आले, पण हा माणूस असा असेल असं वाटलं नव्हतं हो. आवाज कानाने येत नाही. पलंगाच्या पायातून येतो, मग हाडांतून."

"राख पडतेय का तिकडे?"

"एक कण नाही! कपडे वाळतायत बाहेर. वारा सगळी तुमच्याकडे नेतोय. माहेरची भेट समजा." ती हसली आणि मग तिला दम लागला. आम्ही सगळे तो दम संपायची वाट बघत होतो. "बुवा, चेष्टा पुरे. तिला आणा. माझा आता फार मुक्काम नाही. तिला लहानपणी मीच मांडीवर घ्यायचे, शेवटचंही मीच घेईन."

"आणतो हो, पण विमान नाही ना आक्का..."

"मग लग्न होऊन ती काय विमानाने गेली होती तुमच्याकडे? बोटीने गेली. बोटीने आणा."

फोन बंद झाला. काका पिशवीवरच्या बटणाशी चाळा करत बसले. ताई मात्र उठली होती. तिच्या चेहऱ्यावर तो भाव होता, जो पाहून भावोजी घरात दुसऱ्या खोलीत जातात.

बंदरावरच्या बोट कंपनीत एक बाई काम करते, बोटीबरोबर जाऊन-येऊन असते. तिला ताईने कधी पाहिलेलं नाही. पण इतकी वर्षं वादळात अडकलेले प्रवासी एकमेकींकडे पाठवून दोघी घट्ट मैत्रिणी झाल्या आहेत. ताईने तिलाच फोन लावला, आम्हालाही ऐकू येईल असा.

"बोटवाली का?"

"बोल गं विमानवाली. सकाळपासून तुझेच लोक येतायत माझ्या डोक्यावर. बोट भरली. फळीवर बसायलाही जागा नाही. आता कोणी पाठवू नकोस."

"जागा हवीय."

"नाही म्हटलं ना."

"आजच्या बोटीत हवीय."

"किती माणसं?"

ताईने काकांकडे पाहिलं. "एक," ती म्हणाली. मग थांबली. "नाही गं. दोन. नवरा-बायको आहेत. बायकोला खुर्ची लागत नाही. नवरा मांडीवर घेऊन बसेल."

पलीकडे बंदरावरचा भोंगा वाजला.

"माझी खुर्ची आहे," बोटवाली म्हणाली. "मी उभी राहीन कप्तानाशी गप्पा मारत. खिडकीची आहे. तिला बाहेरचं दिसेल."

आमच्या घरात रडण्याची पद्धत नाही. ताईने रुमालाने माइक पुसला. सकाळपासून तो चांगला स्वच्छ होता. आणि तिने बटण दाबलं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." शिष्टाचार माइकला खाऊ घातला. "दूरच्या एका डोंगराच्या राखेमुळे आज आपले एकही विमान उडणार नाही. या डोंगराचं कोणाशी भांडण नाही. तो बऱ्याच वर्षांनी जागा झाला आहे. आपण वाट पाहू. यात कोणाही प्रवाशाचा दोष नाही."

शेवटचं वाक्य तिने दोनदा म्हटलं. काका कानामागे हात धरून ऐकत होते. दुसऱ्यांदा त्यांनी मान हलवली, आणि खांदे जरा खाली आले. कोटवाले उठून आपली बाटली परत करायला आले आणि ती परत करायची नसते हे लक्षात येऊन पुन्हा बसले.

वैमानिकांची ने-आण करणारी बस रिकामीच उभी होती. ताईने ती काढली. मला म्हणाली, "तू जा काकांबरोबर. तुझ्या तिकिटाला तसंही काही भवितव्य नाही." काकांच्या हातात पाव-बिस्किटांचा पुडा दिला, मग उगाच दुसराही दिला. ती सगळ्यांना सगळं दोनदा देते. हा दुसरा पुडा कोणासाठी, ते मात्र कोणी विचारलं नाही.

बंदराला पोचलो तेव्हा सूर्य मावळत होता. मी आयुष्यात बरेच सूर्यास्त पाहिलेत, बहुतेक दुसरं काही काम नसताना. असा पाहिला नव्हता. क्षितिजापाशी तांब्यासारखा लाल, त्यावर जांभळा, आणि जांभळ्याच्या वर असा एक हिरवट उजेड, की त्याला नाव देता येईना. दिवसभर ज्या आभाळात काही नाही म्हणून लोक भांडत होते, त्या आभाळात इतका वेळ हे सगळं होतं. सूर्य तिरपा झाला तेव्हा दिसलं. फळीवरून बोटीत चढणारी माणसं चढता चढता थांबत होती. हमालही पेट्या खाली ठेवून उभे होते. कोणी कोणाला 'चला' म्हणत नव्हतं.

"हीच का हो ती राख?" काकांनी विचारलं.

"हीच."

त्यांनी पिशवीचं वरचं बटण काढलं आणि पिशवी जरा पश्चिमेकडे वळवली. मी दुसरीकडे पाहिलं. मग त्यांनी बटण लावलं आणि ते चढले. फळी वाजत होती, पण त्यांच्या पावलांचा आवाज येत नव्हता. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

बोटीला पोचायला रात्र आणि वर सकाळ लागते. दुसऱ्या दिवशी परिसंवाद माझ्याशिवाय व्यवस्थित पार पडत असताना मी ताईच्या काउंटरपाशी बाटल्याच वाटत होतो. आभाळ अजून बंदच होतं. खरं सांगायचं, तर आम्ही दोघंही फोनच्या जवळपासच घोटाळत होतो. आक्का थांबली असेल का, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

दुपारी फोन वाजला. ताईने तो उचलून सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"विमानवाली बाई का? मी आक्का." काठी जरा हळू आपटत होती, पण आपटत होती. "आली हो ती. मांडीवर आहे. एवढी हलकी कधीच नव्हती, चांगली जाडजूड कार्टी होती. आणि हा शिंपी! बोटीतून उतरल्यापासून इथपर्यंत चवड्यांवर चालत आला. नर्स म्हणते, यांचे पाय दुखतात का? मी म्हटलं, नाही गं, तो माझ्या बहिणीचं ऐकतो."

मागून काकांचा आवाज आला, "सांगा त्यांना, पुडा पोचला. दोन्ही पोचले."

"डोंगर काय म्हणतोय आक्का?" ताईने विचारलं.

"बोलतोय अजून. बोलू दे. इतकी वर्षं गप्प बसला होता बिचारा. ऐकायचाय? थांबा, फोन पलंगाच्या पायाला लावते. शिंपीबुवा, धरा जरा."

खडखड झाली. मग काहीच नाही. मग ते आलं. त्याला आवाज म्हणावा की नाही, कळेना. काउंटरचं लाकूड किंचित गुणगुणलं. एखाद्या फार मोठ्या घराच्या फार खालच्या खोलीत कोणीतरी फार जुनं कपाट सरकवावं, तसं काहीतरी, आणि ते थांबत नव्हतं. मुली हातातलं काम खाली ठेवून उभ्या राहिल्या. बाकावरची एक आई मुलाला थोपटायची थांबली. कोटवाले जवळ आले आणि त्यांनी टोपी काढली.

ताई माइकच्या शेजारीच उभी होती. तिचं तोंड उघडं होतं. त्यातून एकही शब्द आला नाही.